गोधडी पांघरलेली पिकअप

बार्शी

पालघरला जाऊन आलो म्हटलं की बार्शीत पहिला प्रश्न येतो, "समुद्र पाहिला का?" पाहिला. भरपूर पाणी आहे आणि त्यातलं घोटभरही पिता येत नाही. टँकरच्या रांगेत वाढलेल्या माणसाला या गोष्टीचं फारसं कौतुक वाटत नाही. शिवाय माझं समुद्राकडे नीट लक्षच नव्हतं. सबंध प्रवासात मी काय पाहिलं असेल तर एका नव्या पिकअपचं बॉनेट, आणि तेही गोधडीखाली झाकलेलं. ज्यांना त्या बाजूच्या नारळीपोफळींची वर्णनं हवी असतील त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं. मी खडीबद्दल सांगू शकतो.

पिकअप आमच्या दाजींची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. नाव उत्तमराव, धंदा कांद्याचा, आणि स्वभाव असा की घरात आलेल्या नव्या वस्तूचं प्लास्टिक काढू द्यायचं नाही. त्यांच्या सोफ्यावर उन्हाळ्यात बसलं की उठताना पाठीची साल निघते. टीव्हीच्या रिमोटला पिशवी आहे आणि त्या पिशवीला रबर आहे. फ्रिजच्या दारावरचं कागदी लेबल अजून जागेवर आहे. फ्रिज मात्र मध्यंतरी बिघडून दुरुस्त होऊन आला. अशा माणसाने नवी कोरी पिकअप घेतली, तीही गडद निळी, आणि ती बार्शीहून थेट समुद्राकाठच्या एडवण गावी पोचवायची ठरवली. मी माझं विजेच्या सामानाचं दुकान बंद ठेवून सोबत गेलो, कारण अक्काने, म्हणजे माझ्या बहिणीने, मला तसं सांगितलं. अक्का सांगते तेव्हा विचारत नसते.

एडवणला दाजींची मुलगी वैशाली असते. तिने शेतीची पदवी घेतली, बोईसरच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या निलेशशी लग्न केलं आणि सासरच्या वाडीत फुलझाडं लावली. यातली मधली गोष्ट अक्काला पटली नाही. जात वेगळी हे एक कारण, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे ते लोक मासे खातात. अक्काच्या गळ्यात माळ आहे. लग्नाला ती गेली नाही, आणि ती गेली नाही म्हणून दाजीही गेले नाहीत. त्याला तीन वर्षं झाली. मधल्या काळात वैशूचा फोन आला की अक्का "कोण?" म्हणायची, पलीकडून आवाज आला की फोन ठेवायची. पण "कोण?" म्हणायला मात्र दर वेळी धावत यायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

वाडीतली फुलं बाजारात न्यायला वैशूला गाडी हवी होती, हे निलेशने मला फोनवर सांगितलं आणि मी दाजींना. दाजींनी ती घेऊन द्यायची ठरवली. पांढरी लगेच मिळत होती, निळीसाठी थांबावं लागलं. थांबले. वैशूला निळा रंग आवडतो, एवढी एकच गोष्ट त्यांना मुलीबद्दल खात्रीने माहीत होती.

"सुभाष," मला म्हणाले, "लग्नात मी तिला काय दिलं न्हाई. गेलोच न्हाई. आता तीन वर्षांनी दारात उभं राहायचं तर गाडीवर एक ठिपकासुदीक नको. डाग पडलेली वस्तू घेऊन कुठल्या तोंडानं जाऊ?"

यावर चेष्टा करता येईल असं मला काही सुचलं नाही, म्हणून मी मुकाट्याने त्यांना पुढच्या तयारीला मदत केली. आणि तयारी चेष्टेचीच होती. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पुढच्या वाटेवर रस्त्यांची कामं चालली आहेत, सुटी खडी पसरलेली आहे, आणि पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेला खडा रंगाचा टवका काढतो. रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म मिळते, पण ती लावायला पुण्यात गाडी सोडून यावं लागतं हे ऐकून दाजी म्हणाले, "पोरगी सोडून आल्यासारखं वाटतंय." त्यांनी घरगुती उपाय केले. बैलगाडीच्या जुन्या टायरचे तुकडे कापून चाकांच्या मागे लोंबते पट्टे लावले. दोन्ही बाजूंना खालच्या अंगाला कांद्याचं गोणपाट बांधलं. दिव्यांवर स्वयंपाकघरातला चिकट कागद ताणला. मागच्या हौद्यात गवत अंथरलं. गाडी आता विकायला निघालेल्या म्हशीसारखी दिसत होती.

राहिलं बॉनेट. निघायच्या सकाळी अक्का बाहेर आली, हातात एक जुनी गोधडी. आमच्याकडे वाकळ म्हणतात. तिने ती दाजींच्या नव्हे, माझ्या अंगावर टाकली.

"बॉनेटवर टाका. खडी उडती."

"झाकलं तर बरंच," दाजी खूश होऊन म्हणाले. "येताना आणतो परत."

"परत आणू नका. जुनी झालीया. तिकडंच टाकून या."

एवढं बोलून ती आत गेली. आम्ही गाडीचा नारळ फोडला तेव्हा ती बाहेर आली नाही. मला वाटलं, राग. माझ्या अकलेचा आवाका तेवढाच आहे.

चिल्हार फाटा ते बोईसर

बार्शी ते भिवंडी या टप्प्यात काही घडलं नाही, फक्त आमच्यामागून आलेल्या प्रत्येक वाहनाने आम्हाला मागे टाकलं, त्यात एक रोडरोलर होता. वाटेत कल्याणला ओळखीच्यांकडे मुक्काम केला. त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनने गोधडी पाहून हळू आवाजात विचारलं, "आत कुणी आहे का?"

भिवंडीहून वाडा, वाड्याहून मनोर. या रस्त्याबद्दल बोलायचं तर आधी रस्ता असायला हवा. मनोरला महामार्ग लागला तसे दाजी सैल झाले, पण थोडंच पुढे चिल्हार फाट्याला बोईसरकडे वळलो आणि समोर खडीच खडी. एका अंगाने रस्ता उकरलेला, दुसऱ्या अंगावर बारीक काळी खडी पसरलेली, आणि त्यावरून खाणीतले डंपर असे पळत होते जणू मागे कुणी लागलंय. प्रत्येक डंपरमागे खडे उडत. दाजी दर वेळी गाडी थांबवत, डोळे मिटत आणि कडकड आवाज संपला की उघडत. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगायचो, "गोधडीवर पडले." मग ते पुढे सरकायचे. बैलगाडीत बसलो असतो तर वेळेत पोचलो असतो.

असं करत एका उतारावर आलो तेव्हा बॉनेटमधून वाफ निघाली. गोधडी सरकून पुढच्या जाळीवर लोंबत होती, त्यामुळे इंजिनला वारा मिळेना आणि ते तापलं. दाजींनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

तिथेच झाडाखाली एक जोडपं गाडीची वाट पाहत बसलेलं होतं. नवऱ्याचं नाव जानू, बायकोचं सकू. डोंगराकडच्या पाड्यावरचे. भाताची कापणी-झोडणी आटोपली होती आणि ते बोईसरला एका बांधकामावर कामाला चालले होते. सोबत दोन बोचकी, एक हंडा आणि एक कोंबडी. कोंबडी कामाला चाललेली नव्हती. ती बोईसरच्या एका नातेवाइकाला द्यायची होती.

सकूने गाडीकडे बराच वेळ पाहिलं. "मानसां थंडीत कुडकुडतात," ती नवऱ्याला म्हणाली, "नि गाडी गोधडी घेऊन चालली."

दाजींनी तिला खडी, रंग, मुलगी, तीन वर्षं, सगळं सांगितलं. कांद्याच्या व्यापाऱ्याने अनोळखी माणसाला इतकं खरं सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. सकूने हंडा घेतला आणि खालच्या ओहोळाकडे गेली. तिने पाणी आणलं, इंजिन निवल्यावर जानूने ते ओतलं, आणि हंड्यात उरलेल्या पाण्याकडे पाहून दाजींच्या डोक्यात कल्पना आली. गोधडी ओली केली तर बॉनेट थंड राहील, आणि ओल्या कापडावर खडा पडला की तो रुतेल, उसळणार नाही. त्यांनी अख्खा हंडा गोधडीवर रिकामा केला. मीही मान हलवली. मी रोज लोकांना ओल्या हाताने बटण दाबू नका असं सांगतो. पाण्याचं मला तेवढंच ज्ञान आहे.

आता गोधडी जाळीवरून वर ओढून पक्की बांधायची होती. दाजींच्या गाठी सुटत होत्या. सकूने दोर काढून घेतला.

"भाताचा भारा बांधलाय का कधी?"

"कांद्याचं पोतं शिवतो."

"मग ऱ्हाव द्या."

ती आणि जानू दोन बाजूंनी पाय रोवून उभे राहिले, दोर ओढला आणि अशी गाठ मारली की गोधडी बॉनेटला कातड्यासारखी बसली. दाजींनी बोट घालून पाहिलं. बोट गेलं नाही. ते इतके खूश झाले की हौद्यात कुणाला बसू द्यायचं नाही हा आपलाच नियम मोडून त्यांनी दोघांना वर चढायला सांगितलं. कोंबडीबद्दल मात्र क्षणभर विचार केला. सकूने तिला पदराखाली घेतलं, मग तीही बसली.

बोईसर आलं ते आधी नाकाला. औषधासारखा, किंचित आंबूस वास, आणि तो कुठल्या कंपनीचा यावर रस्त्यावरच्या माणसांची एकमेकांत चर्चा. निलेशने कारखान्याच्या गेटपाशी थांबायला सांगितलं होतं. गेटवरच्या सुरक्षारक्षकाने गाडीला एक फेरी मारली.

"इसको क्या हुआ है? बुखार?"

"नया है," दाजी म्हणाले. "धूप मत लगने देना." त्यांना खडी म्हणायचं होतं, पण खडीला हिंदीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना.

"नया है तो टोपी भी पहनाओ," तो म्हणाला आणि त्याने हौद्यातल्या सकूला उतरायला हात दिला. सकूने जाताना गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. "पोरीला सांगा," ती दाजींना म्हणाली, "बापान लय जपून आनली." दाजींनी मान खाली घालून गोणपाट सारखं केलं.

पाम

निलेशची शिफ्ट संपल्यावर तो बाहेर आला. जावयाने सासऱ्याला पहिल्यांदा भेटायची जागा म्हणून कारखान्याचं गेट काही वाईट नाही; आवाज इतका असतो की कुणाला काही बोलावं लागत नाही. तो वाकून पाया पडला. दाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो उचलायला विसरले. मग निलेश मोटरसायकलवर पुढे आणि आम्ही मागे, असे जवळच्या पाम गावात गेलो. शिफ्टच्या दिवसांसाठी त्याने तिथे एक खोली घेतलेली आहे. मुक्काम तिथेच होता. वैशू एडवणला सासूबरोबर आमची वाट पाहत होती.

पोरगा मोकळा आहे. चहा ठेवता ठेवता त्याने विचारलं, "गाडी बघू का जरा?"

"उद्या," दाजी म्हणाले. "एडवणला. सगळ्यांसमोर उघडायची."

"उघडू नका, पण गोधडी तेवढी काढून झटकू या ना. धूळ भरली असेल."

"गाठ लई चांगली बसलीया. पुन्हा तशी बसायची न्हाई."

निलेश माझ्याकडे पाहून हसला. मी खांदे उडवले. आमच्या घराण्यात प्लास्टिक काढायला सांगणाऱ्याला शत्रू समजतात, हे त्याला पहिल्याच दिवशी कसं सांगणार? दाजी मात्र रात्री झोपायच्या आधी बाहेर गेले आणि नळाच्या पाण्याने गोधडी पुन्हा नीट भिजवून आले. वाळली तर खडे उसळतील म्हणून.

जेवताना निलेशने तांदळाच्या भाकरीबरोबर सुक्या बोंबलाची चटणी मांडली, आणि सासरेबुवा माळकऱ्याच्या घरातले आहेत हे आठवून दचकून बाजूला केली. "असू दे, असू दे," दाजी म्हणाले. "माळ तिच्या गळ्यात हाय." त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. अक्का तेव्हा बार्शीत होती, तरी पाहिलं. मग त्यांनी ज्या वेगाने ती वाटी संपवली, तो वेग गाडी चालवताना दाखवला असता तर आम्ही एक दिवस आधी पोचलो असतो. तांदळाची भाकरी मला मऊ आणि जरा बावळट वाटली. आमच्या ज्वारीच्या भाकरीला दात लावावे लागतात. पण बोंबलाबरोबर तीच बरी, हे तिसऱ्या भाकरीला मान्य केलं.

केळवे

दुसऱ्या दिवशी निलेशच्या मोटरसायकलमागून पालघर ओलांडून माहीमवरून केळव्याला आलो. इथे रस्ता बरा आहे आणि दोन्ही बाजूंना वाड्या, त्यात नारळ, पोफळी, केळी, आणि झाडांच्या सावलीत वेलावर वाढवलेली विड्याची पानं. एवढी सावली फुकट पडलेली पाहून मला वाईट वाटलं. आमच्याकडे एका बाभळीखाली सबंध बैठक होते.

शनिवार होता, त्यामुळे किनाऱ्यावर मुंबईची माणसं आली होती. दाजींना लघवीला थांबायचं होतं म्हणून गाडी उभी केली. ते परत आले तोवर तिच्याभोवती गर्दी जमली होती. एक जोडपं गोधडीला टेकून फोटो काढत होतं. "किती युनिक आहे," त्यातली मुलगी मला म्हणाली. "लग्नाची गाडी आहे का?"

"तीन वर्षं उशिरा निघालेली," मी म्हणालो.

दाजींनी सगळ्यांना हाताने दूर केलं. "टेकू नका, टेकू नका. खाली रंग हाय." कुणीतरी विचारलं की रंग जपायचा होता तर गाडी कशाला घेतली, मोर घ्यायचा. दाजींना राग आला नाही. ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि गाडी सुरू न करता समुद्राकडे पाहत राहिले. मग त्यांनी घसा साफ केला.

"सुभाष, असं म्हणू का? 'वैशाली, गाडी आणलीया. एकसुदीक ओरखडा न्हाई.' का आधी 'कशी आहेस' म्हणू?"

"आधी कशी आहेस म्हणा."

"मग गाडीचं राहून जाईल."

एडवणपर्यंत ते हेच पुटपुटत राहिले, कधी गाडी आधी, कधी मुलगी आधी. मला त्यांची दया आली. इतका मोठा माणूस, बाजार समितीत आवाज चढवला की मापाडी गप्प होतात, आणि दोन वाक्यांची रांग त्याला लावता येत नव्हती.

एडवण

निलेशचं घर वाडीच्या आत आहे आणि आत जाणारी वाट अशी अरुंद की दोन्हीकडच्या कुंपणाच्या फांद्या गाडीला चाटतात. दाजींनी स्टिअरिंग निलेशकडे दिलं आणि स्वतः पुढे चालत एकेक फांदी हाताने बाजूला धरली. गाडी पुढे गेली की पळत पुढच्या फांदीकडे. हातावर ओरखडे उठले. ते त्यांनी पाहिलेही नाहीत.

अंगणात निलेशची आई ताट घेऊन उभी होती. तिच्यामागे दाराच्या चौकटीला टेकून वैशू. वजन वाढलं होतं, रंग उन्हाने रापला होता, आणि ती खाली उतरत नव्हती. दाजी फांद्यांतून बाहेर आले, केसात पानं, आणि तिच्यासमोर उभे राहिले. तोंड उघडलं. एकही वाक्य बाहेर आलं नाही, ना गाडीचं ना मुलीचं. त्यांनी नुसतं गाडीकडे बोट केलं.

"विहीणबाई नाय आल्या?" निलेशच्या आईने वाटेकडे पाहत विचारलं. "आमी त्यांच्यासाठी उकडहांडी लावलीय. कंद, वालाच्या शेंगा, सगला जमिनीतला. म्हावरा नाय त्यात, भांडासुदा नवा घेतलाय." दाजींनी मान हलवली. "बरा," ती म्हणाली, "मग तुमी खा," आणि तिने गाडीला कुंकू लावायला ताट पुढे केलं. पण लावणार कुठे? सगळी गाडी झाकलेली.

आम्ही गोणपाट सोडलं. दिव्यांवरचे कागद काढले. दोन्ही बाजू लख्ख निघाल्या, आणि ऊन पडल्यावर तो निळा रंग असा दिसला की शेजारची दोन माणसं कुंपणापाशी येऊन उभी राहिली. दाजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा तेज आलं. राहिली गोधडी. सकूची गाठ कुणाच्याने सुटेना. शेवटी निलेशच्या आईने आतून कोयता आणला आणि दोर तोडला. दाजींनी दोन्ही हातांनी गोधडी धरली, वैशूकडे पाहिलं आणि ओढली.

बॉनेटचा रंग गेला होता.

म्हणजे टवके नव्हते. एकही खडा लागलेला नव्हता, दाजी त्या बाबतीत जिंकले होते. पण सगळं बॉनेट राखेने घासलेल्या पातेल्यासारखं मंद, पांढुरकं झालं होतं. गोधडीखाली खडीची बारीक भुकटी शिरली होती, वरून पाणी ओतून आम्ही तिचा चिखल केला होता, आणि घट्ट बांधलेली गोधडी गाडीच्या प्रत्येक धक्क्याबरोबर तो चिखल रंगावर घासत आली होती. चिल्हारपासून एडवणपर्यंत. जिथे गोधडीचं कापड फुगीर होतं तिथे घासलं गेलं, आणि जिथे टाका खोल होता तिथला निळा रंग तसाच चकचकीत राहिला. त्यामुळे बॉनेटवर टाके उमटले होते. चौकोनात चौकोन, त्यात आणखी चौकोन, ठिपक्याठिपक्यांच्या निळ्या रांगा, थेट मध्यापर्यंत.

निलेशच्या आईने ताट खाली ठेवलं आणि जवळ येऊन पाहिलं. "ही नक्षी कंपनीनं दिलीय?"

दाजींनी खिशातून रुमाल काढला आणि पुसायला लागले. एकाच जागी. रंग परत येईना. "मीच घासला," ते म्हणाले. "खडीनं न्हाई. मीच. सबंध वाटभर." आणि तो प्लास्टिक न काढणारा, फ्रिजचं लेबल जपणारा माणूस मुलीच्या सासरी अंगणात उभा राहून रडला. मला हसू यायला हवं होतं. इतकी वर्षं मी त्यांची टिंगल करतोय, आणि त्या क्षणी कुणी हसलं असतं तर मी त्याला मारलं असतं.

वैशू पायऱ्या उतरली. ती गाडीकडे गेली नाही. दाजींच्या पायाशी पडलेली ओली गोधडी तिने उचलली, जड होती, मांडीवर घेऊन बसली आणि तिचा एक कोपरा उलटा केला. चिखलाखाली हिरवट चौकड्यांचा तुकडा होता. तिने अंगठ्याने तो पुसला.

"आप्पा, ही माझी आहे."

"कसली?"

"गोधडी. हा माझा बालवाडीचा फ्रॉक. हा शाळेचा. मी हिच्याशिवाय झोपायचे नाही. हॉस्टेलला नेली होती." ती मधल्या चौकोनावर हात फिरवत होती. "इथं आत भाकरीचा तुकडा आहे. आई मधला चौकोन बंद करायच्या आधी ठेवते. गोधडीचं पोट रिकामं नको म्हणून. मी लहानपणी तो बाहेरून चाचपायचे."

"मला काय म्हाईत," दाजी म्हणाले. "तुझ्या आईनं गाडीवर टाकायला दिली. परत आणू नका म्हणाली."

मग ते थांबले. मीही थांबलो. 'तिकडंच टाकून या' हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले होते, ती गोधडी माझ्याच अंगावर पडली होती, आणि बार्शीपासून इथपर्यंत आम्ही दोघं गाढवं तिच्याखालच्या पत्र्याची काळजी करत आलो होतो.

वैशूने निलेशकडे हात केला. त्याने न विचारता फोन दिला. तिचे हात चिखलाने भरलेले, म्हणून फोन गोधडीवर ठेवून तिने आवाज मोठा केला. रिंग एकदाच वाजली.

"कोण?"

"मी."

निलेशची आई पदराचं टोक हातात धरून उभी होती. दाजी रुमाल बॉनेटवर तसाच दाबून धरून उभे होते, जणू हात काढला तर फोन कट होईल.

"गाडी पोचली का?" अक्का म्हणाली.

"पोचली."

"खडी लागली?"

वैशूने बॉनेटकडे पाहिलं. उन्हात ते टाके लखलखत होते, चौकोनात चौकोन.

"नाही लागली. गोधडी होती ना."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. फोन ठेवला, असं मला वाटलं. दाजींनाही वाटलं, कारण त्यांनी डोळे मिटले, डंपर समोर आल्यावर मिटायचे तसे.

"मळली असंल," अक्का म्हणाली. "धुऊन घे. विहिरीच्या पाण्यानं धू. तिकडं सगळं खारं असतंय म्हनं. खारं पाणी लावू नको, रंग जातो."

आणि तिने फोन ठेवला नाही.